गाडी कोण चालवणार

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार

गणपतीला गुहागरला जाताना यंदाही दोन गाड्या न्याव्या लागल्या. आम्ही चौघं आमच्या तेरा वर्षं जुन्या हॅचबॅकमध्ये आणि आई-बाबा दिरांच्या गाडीत. कुंभार्ली घाटात आईंना मळमळायला लागलं. दिरांची गाडी पुढे गेलेली, फोनला रेंज नाही. आम्हाला कळलं ते खाली पोफळीला भेटलो तेव्हा. त्या दिवसापासून यांनी मनाशी पक्कं केलंय की आता सहाही जण एकाच गाडीतून जायचं.

हायब्रिड घ्यायची यावर घरात दुमत नाही. इलेक्ट्रिक आवडली असती, पण आमची पार्किंगची जागा मीटरच्या खोलीपासून इमारतीच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे आणि चार्जरच्या वायरिंगचा विषय सोसायटीच्या सभेत दर वेळी पुढे ढकलला जातो. आता उरल्या दोन गाड्या, दोन्ही टोयोटाच्या: पाच जणांची हायरायडर आणि सात जणांची इनोव्हा हायक्रॉस.

१७ सप्टेंबर, बुधवार

रात्री दोन्हींची माहितीपत्रकं शेजारी ठेवून वाचली. हायरायडरला दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, हायक्रॉसला दोन लिटरचं चार सिलिंडरचं. ताकद ११६ पीएस आणि १८६ पीएस. एआरएआयचं मायलेज लिटरला २७.९७ आणि २३.२४ किलोमीटर. लांबी ४३६५ आणि ४७५५ मिलिमीटर.

हायरायडर घेताना एक गोष्ट नीट बघायला हवी. त्याच नावाखाली माइल्ड हायब्रिडही मिळते. तिच्यातली छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटीने गाडी ओढत नाही. आम्हाला हवी आहे ती स्ट्राँग. गर्दीत, कमी वेगात ती इंजिन बंद करून नुसत्या मोटरवर चालते, आणि ब्रेक लावला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत जाते. म्हणूनच हिचं मायलेज हायवेपेक्षा शहराच्या कोंडीत जास्त खुलतं. इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं आहे. पेट्रोल कमी पितं, पण सुरुवातीच्या जोराला थोडं कमी पडतं, ती उणीव मोटर भरून काढते. ही जोडी १९९७ साली जपानमध्ये प्रियसपासून रस्त्यावर आली. इतकी वर्षं मुरलेलं तंत्र आहे, यात मला खरा दिलासा वाटतो.

२० सप्टेंबर, शनिवार

दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. आधी हायरायडर. कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभी राहिली तेव्हा इंजिन बंद, हिरवा लागला तरी बंदच. रिक्षेच्या मागे मुंगीच्या पावलांनी सरकत होतो आणि पडद्यावरचा बाण बॅटरीकडून चाकांकडे जात होता. पुढे चांदणी चौकाच्या चढावर पाय दाबला तेव्हा मात्र तीन सिलिंडरचा घरघराट स्पष्ट ऐकू आला. रोजच्या वापरात तो चालेल मला.

हायक्रॉस फारच सुखाची. चढ कधी आला आणि कधी संपला कळलं नाही. मधल्या सीटवर बसून यांनी पाय लांब केले आणि त्यांचा निर्णय तिथेच झाला, हे चेहऱ्यावर दिसत होतं. भारत एनकॅपच्या चाचणीत तिला पाच तारे आहेत, तेही त्यांनी मला दोनदा सांगितलं. ते महत्त्वाचं आहेच.

परत येताना ती मी चालवली. माझी उंची जेमतेम पाच फूट. सीट वर घेतली तरी बॉनेटचं पुढचं टोक दिसत नव्हतं. एका गल्लीत समोरून टेम्पो आला तेव्हा रिव्हर्स घेताना मागचा कॅमेरा, दोन्ही आरसे आणि शोरूमचा मुलगा अशा सगळ्यांच्या भरवशावर आले.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी टेप घेऊन पार्किंग मोजलं. पाच मीटर लांब, अडीच मीटर रुंद, डाव्या बाजूला खांब. हायक्रॉस पंधरा सेंटिमीटर कमी दोन मीटर रुंद म्हणजे बसेल, पण खांबाच्या बाजूचं दार पूर्ण उघडणार नाही. आईंना आधी बाहेर उतरवून मगच गाडी आत घ्यावी लागेल.

दुपारी आईंना शोरूमला नेलं. गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला गाडीत बसताना पाहिल्याशिवाय गाडी ठरवू नये. हायरायडरमध्ये त्या आधी पाठमोऱ्या टेकल्या, मग दोन्ही पाय आत घेतले, हँडल न धरता. हायक्रॉसच्या मधल्या सीटवरही छान बसल्या. तिसऱ्या रांगेत मुलं गेली. धाकटा खूश, थोरलीचे गुडघे पुढच्या सीटला टेकले. मागची रांग उभी असताना डिकीत गुहागरची मोठी बॅग आडवी मावली नाही. तसं हायरायडरचं रडगाणंही तेच आहे: बॅटरी मागे बसवल्यामुळे स्ट्राँग हायब्रिडची डिकी आखडली आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना, आणि आजपासूनच जीएसटीचे नवे दर. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के, इलेक्ट्रिकला ५, आणि आमच्या दोन्ही हायब्रिडना ४०. पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला सर्वांत वरचा दर लावणं मला पटत नाही. वर महाराष्ट्रात रस्ता कर आहेच: दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के, त्यापुढे १३. उत्तर प्रदेशाने गेल्या वर्षी स्ट्राँग हायब्रिडना नोंदणीचा कर माफ केला. आपल्याकडे तसं व्हायला हवं होतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हिशेब मांडला. ऑफिसातल्या लोकांचे अनुभव धरून छोटी बावीस आणि मोठी सोळा देईल असं धरलं. वर्षाला बारा हजार किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये, म्हणजे फरक एकवीस हजारांच्या आसपास. यावरून काहीच ठरत नाही. खरा फरक किमतीत आहे: शोरूमच्या दरातच दहा लाखांच्या घरात. त्यावर कर, विमा, कर्जाचं व्याज वेगळं. बॅटरीची हमी दोन्हींना सारखीच, आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर.

२८ सप्टेंबर, रविवार

आज जेवणानंतर सगळे बसलो. यांचं म्हणणं सरळ होतं: आई-बाबांना एकटं पाठवायचं नाही, एक गाडी, सात सीट. घाटातली ती वेळ मलाही विसरता येत नाही, म्हणून मी मध्ये बोलले नाही.

मग मी विचारलं, सोमवार ते शुक्रवार ती चालवणार कोण? हे कंपनीच्या बसने चाकणला जातात. आईंना आठवड्यातून दोनदा सदाशिव पेठेत फिजिओथेरपीला न्यायचं असतं, धाकट्याला क्लासला, बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. हे सगळं माझ्याकडे. पेठेतल्या गल्ल्यांमधून हायक्रॉस मी नेणार नाही, हे मला आजच माहीत आहे. मग तीस लाखांची गाडी खाली उभी राहील आणि आई रिक्षेत हादरे खात जातील. गाडीत किती जण बसतात हे आम्ही आठवडाभर मोजतोय, पण घरातल्या किती जणांना ती बिनधास्त काढता येते हे कुणी मोजलंच नव्हतं.

बाबा एवढा वेळ गप्प होते. म्हणाले, "माझा डावा गुडघा क्लचमुळे सुटलाय, म्हणून मी चालवायचं बंद केलं. हिला क्लच नाही ना?" नाही. इंजिन आणि दोन मोटरी ग्रहमालेसारख्या फिरणाऱ्या गिअरने जोडलेल्या, डाव्या पायाला काही कामच नाही. "मग छोटी घ्या. मंडईपर्यंत मी नेईन."

हे बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "आणि गुहागर?" गुहागरसाठी वाचलेल्या पैशांतून वेगळी रक्कम ठेवायची. वर्षातून जितक्या वेळा सगळे जाऊ तितक्या वेळा ओळखीच्या ड्रायव्हरची मोठी गाडी करायची, सहाही जण एकत्र, आणि आई पुढच्या सीटवर, कारण तिथे त्यांना मळमळत नाही. आईंनी लगेच दिवाळीची तारीख विचारली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड, पांढरी. बुकिंगची पावती देवापुढे ठेवली. ड्रायव्हरला फोन करून पाडव्याच्या आदल्या दिवशीची गाडी सांगून ठेवली, यांनीच केला फोन. बाबांच्या लायसन्सची मुदत तपासली, पुढच्या मार्चपर्यंत आहे. नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागेल, तो याच महिन्यात काढून घ्यायचाय.