ओल आधी कडेला लागते

वडपे नाक्याला मुंबई-नाशिक महामार्गालगत गोदामांपुढे कंटेनरच्या रांगा लागतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा कंटेनर चालवतात. माल भिजला की त्यांच्या पगारातून पैसे कापले जातात. म्हणून पावसाळ्याआधी ते गाडीचा तळ जपतात.

कंटेनरचा तळ साधारण 28 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा असतो. वरून मजबूत दिसतो, पण कापलेल्या कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी लवकर शिरतं. मग प्लायवूड फुगतं, थर सुटतात. ओल्या तळावर पत्रा ठोकला, तर ओल खालीच अडकते आणि लाकूड आतून कुजतं. म्हणून आधी तळ पूर्ण वाळवायचा, मग कडा आणि भोकं सीलंटनं बुजवायची. शिवाय, बाहेर कुणाला तरी उभं करून भरदिवसा दारं लावून आत थांबायचं. जिथून उजेड दिसेल, तिथून पाणी येणार.

उर्दूच्या तासाला मी ‘सीलन’ शिकवते, मराठीच्या तासाला ‘ओल’. शब्द कुठलाही घ्या, झाकली की ती वाढते. पगारकपातीचंही तसंच आहे. त्यावर कुणी उघड बोलत नाही. तळावर लक्ष ठेवणं ड्रायव्हरचं काम, मान्य. पण कुजलेला तळ बदलणं मालकाचं काम आहे. ते टाळून भिजलेल्या मालाचा भुर्दंड ड्रायव्हरवर टाकणं हा न्याय नव्हे.