सातारा ते पावस : एका सायकल-प्रवासाची पूर्वतयारी

प्रवासवर्णनें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. निघालों, पोहोंचलों, देवदर्शन घेतलें आणि सुखरूप परत आलों, असा त्यांचा सामान्यतः क्रम असतो. परंतु निघण्यापूर्वीं दोन-तीन महिने जी खटपट चालते, तिची हकीकत फारसें कोणी लिहीत नाहीं. वास्तविक पाहतां अर्धा प्रवास घराच्या ओटीवरच होत असतो, आणि कित्येकदां मनुष्याची खरी परीक्षाही तेथेंच होते. आमची ती कशी झाली हें सांगण्यासाठीं हा लेख.

येत्या मार्गशीर्षांत आम्ही धरून नऊ मंडळी साताऱ्याहून सायकलींवर कोंकणांत उतरणार आहों. सर्वांत लहान असामी एकोणीस वर्षांची, कॉलेजांत शिकणारी, आमच्या शेजारच्या वाड्यांतील मुलगी. सर्वांत थोर आम्ही, वय वर्षें सहासष्ट. मंडळींचा नायक आमचाच एक जुना विद्यार्थी. तो आतां बँकेंत अधिकारी आहे, आणि त्याच्या हाताखालीं चालण्याचा योग आम्हांस या वयांत आला आहे.

मार्ग असा ठरला : पहिल्या दिवशीं उंब्रजवरून पाटण आणि तेथून कोयनानगर. दुसऱ्या दिवशीं कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढें गुहागर. त्यानंतर हेदवीच्या दशभुज गणेशाचें दर्शन घेऊन तवसाळपर्यंत जावयाचें, तेथें सायकलींसह फेरीबोटींत बसून जयगडची खाडी ओलांडावयाची, आणि मालगुंडावरून गणपतीपुळें गाठावयाचें. शेवटीं आरे-वारेच्या समुद्रकांठानें रत्नागिरी व पावस. एकंदर अंतर तीनशें किलोमीटरांच्या आसपास भरतें.

हा मार्ग नुसता रम्य नाहीं, बोधप्रदही आहे. कोयनेचें पाणी स्वभावतः पूर्वेकडे वाहून कऱ्हाडास कृष्णेला मिळावयाचें. परंतु धरणानें अडविलेलें पुष्कळसें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीकडे जातें, वीज निर्माण करतें, आणि वाशिष्ठीच्या पात्रांतून अरबी समुद्रास मिळतें. आम्हीही त्या पाण्याच्याच सोबतीनें सह्याद्रि उतरणार. याच कोयनानगरानें १९६७ च्या डिसेंबरांतील भयंकर भूकंप सोसला, आणि याच वाशिष्ठीच्या पुरानें २०२१ च्या जुलैंत चिपळुणाची दैना केली. अशा भूमीवरून मोटारीनें भुर्रकन जाणें निराळें, आणि स्वतःच्या पायांनीं तिचा चढउतार मोजीत जाणें निराळें.

आमच्या मनांत आणखी एक हेतु होता. मालगुंड हें केशवसुतांचें जन्मस्थान. १८६६ सालीं जन्मलेल्या आणि १९०५ सालीं हुबळीस वारलेल्या या कवीनें पोटासाठीं शिक्षकाचाच पेशा पत्करला होता. आम्हीं छत्तीस वर्षें वर्गांत त्यांच्या कविता शिकविल्या; परंतु त्यांचें घर आजवर पाहिलें नव्हतें. तेथें स्वतःच्या पायांच्या बळावर जावें, अशी एक बालिश म्हणा, पण उत्कट इच्छा होती.

घरांत ही वार्ता फुटतांच जें व्हावयाचें तें झालें. आमचे वडील बंधु, ज्यांना सर्व घर दादा म्हणतें, ते जेवतां जेवतां थांबले आणि म्हणाले, "या वयांत हीं थेरं कशाला? पावसला जायचं तर एस. टी. आहे." पुतण्यांनीं आमची बाजू घेतली, वहिनी दादांच्या बाजूस गेल्या, आणि आमच्या सौभाग्यवती मात्र कांहींच बोलल्या नाहींत. त्यांचें मौन हा सर्वांत अवघड घाट होता. तीन दिवसांनीं त्यांनीं एवढेंच विचारलें, "अहो, रोज किती किलोमीटर, आणि बरोबर दशम्या किती द्यायच्या?" तेव्हां परवानगी मिळाली असें आम्हीं समजलों.

तयारीचा पहिला भाग शरीराचा. आयुर्वेदांत अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावा असें सांगितलें आहे, आणि सायकलीस हा नियम तंतोतंत लागू पडतो. आम्हीं दहा आठवडे हातीं धरले. प्रथम रोज आठ-दहा किलोमीटर, मग आठवड्यास थोडी थोडी वाढ, आणि दर चौथ्या आठवड्यास पुनः कमी. कारण शरीर विश्रांतींतच बळावतें. चढावर जोरानें पाय दाबण्यापेक्षां हलका गियर टाकून पाय भरभर फिरविणें गुडघ्यांस हितकर असतें, हें आम्हांस फार उशिरां कळलें. बसण्याच्या गादीची उंचीही महत्त्वाची. पॅडल अगदीं खालीं असतां त्यावर टांच टेकविली तर पाय सरळ व्हावा, अशी ती साधारणतः असावी. गादी बोटभर ठेंगणी असली तरी संध्याकाळीं गुडघे बोलूं लागतात. शिवाय एक दिवस लांब जाणें ही खरी तालीम नव्हे. लागोपाठ दोन दिवस गेलें पाहिजे; कारण दुसऱ्या सकाळीं आंबलेल्या अंगानें पुनः गादीवर बसणें, यांतच अनेक दिवसांच्या प्रवासाचें मर्म आहे.

दुसरा भाग यंत्राचा. हवेचा दाब किती असावा हें टायरच्या कडेवरच छापलेलें असतें. तें वाचण्याचे कष्ट मात्र फार थोडे लोक घेतात. साखळी पुसून तेल द्यावें, आणि वरचें तेल पुनः पुसून काढावें, नाहींतर धूळ चिकटते. घाट उतरावयाचा असल्यानें सर्वांच्या ब्रेकचे रबर नवे बसविले. लांब उतारावर ब्रेक सारखा दाबून धरूं नये. थोडा दाबावा, थोडा सोडावा, आणि वेग हातांबाहेर जाण्यापूर्वींच आवरावा. प्रत्येकाजवळ दोन ट्यूबा, पंक्चरचें सामान, पंप आणि लहान पान्हे असावे, व प्रत्येकास मागचें चाक काढून ट्यूब बदलतां यावी, असा नायकाचा हुकूम होता. आमची परीक्षा अंगणांत झाली. पहिल्या दिवशीं पाऊण तास लागला, पांचव्या दिवशीं बारा मिनिटें. दादा ओटीवरून पाहत होते, पण पाहत नाहीं असें दाखवीत होते.

तिसरा भाग शिदोरीचा, आणि तो सर्वस्वीं स्वयंपाकघरानें उचलला. दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि वाटेंत मिळतील तीं केळीं. भूक लागण्यापूर्वीं खावें आणि तहान लागण्यापूर्वीं प्यावें, हा नियम. एक लिटर पाण्यांत सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलें कीं घरगुती जलसंजीवनी होते. कोंकणांतील दमट हवेंत घामानें मीठही जातें. नुसतें पाणी पुरत नाहीं.

चौथा भाग संघाचा, आणि हा सर्वांत कठीण. वेग वाढला कीं वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून पुढच्याच्या आड राहून जाणाऱ्याचे कष्ट पुष्कळ वांचतात. यासाठीं ओळीनें जावें, आणि वारा कापण्याची पाळी आळीपाळीनें घ्यावी. परंतु या सोईची किंमत आहे. मागच्यास पुढचा रस्ता नीट दिसत नाहीं. तो पुढच्यावर विश्वास टाकून चालतो. म्हणून पुढच्यानें खड्डा दिसतांच हात दाखवून ओरडावें, पूर्वसूचनेवांचून ब्रेक दाबूं नये, आणि उतारावर सर्वांनीं अंतर वाढवावें. उजाडल्याशिवाय निघूं नये, हेल्मेटशिवाय बसूं नये, आणि सर्वांत मंद गड्याचा वेग तोच संघाचा वेग समजावा. हे नियम लिहून काढण्याचें काम आमच्याकडे आलें. त्यांत आम्हीं स्वतःच एक कलम घातलें : रोज संध्याकाळीं प्रत्येकानें वहींत आपली प्रकृति खरी खरी लिहावी. अक्षर वळणदार काढलें होतें.

१९२३ सालीं मुंबईहून कांहीं पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकीं तिघे ती पुरी करून १९२८ सालीं परत आले. ही गोष्ट आम्ही मंडळींस वारंवार सांगत असूं. धाडसाच्या गोष्टी सांगणाऱ्यास आपणही धाडसी आहों असें वाटूं लागतें, हा त्यांतील धोका.

दोन दिवसांच्या तालमीस आम्ही पहिल्या दिवशीं वाईस जाऊन आलों, आणि दुसऱ्या दिवशीं यवतेश्वराच्या घाटानें कासकडे निघालों. आदल्या दिवसाचा शीण होता. सकाळीं घाईंत रक्तदाबाची गोळी उपाशीपोटींच घेतली होती, आणि पाणीही बेताचेंच प्यालों होतों. अर्धा घाट चढल्यावर डोळ्यांपुढें अंधारी आली. आम्हीं उतरून कठड्यावर बसलों आणि बुटाची नाडी बांधीत असल्याचें सोंग केलें. शेजारची ती मुलगी थांबून म्हणाली, "आजोबा, बरं वाटत नाहीं का?" आम्हीं म्हटलें, "नाडी सुटली होती." परततांना तोच घाट आम्ही उतरलों, आणि ती आमच्या मागें होती. संध्याकाळीं वहींत आम्हीं लिहिलें : प्रकृति उत्तम.

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. अंधारी पुनः उतारावर आली असती तर? आम्ही पडलों असतों तें आमच्या वयाचें आणि अहंकाराचें फळ. पण आमच्यावर विश्वासून मागें येणारी ती पोर विनाकारण पडली असती. छत्तीस वर्षें मुलांना 'खरें बोलावें' असें फळ्यावर लिहावयास लावलें, आणि सहासष्टाव्या वर्षीं एका ओळीच्या वहींत आम्ही खोटें लिहिलें, तेंही मालगुंड चुकूं नये म्हणून!

सकाळीं प्रथम घरांत सांगितलें. सौभाग्यवती म्हणाल्या, "गोळी उपाशीपोटीं घेतलीत तेव्हांच मला शंका आली होती. पण तुम्हीं सांगायला हवं होतं." मग आम्ही नायकाच्या घरीं गेलों. याच मुलास, न केलेला गृहपाठ केला म्हटल्याबद्दल, आम्हीं एकदां दोन तास वर्गाबाहेर उभें केलें होतें. त्यानें सर्व ऐकून घेतलें, वही आणली आणि आमच्यापुढें ठेवली. "सर, मीं तुम्हांला कठड्यावर पाहिलं होतं. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबलों होतों." आम्हीं 'उत्तम' हा शब्द खोडला आणि घडलें तें लिहिलें.

पुढें वैद्यकीय तपासणी झाली. फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयही पाहिलें. हृदय ठीक निघालें. घाम, अपुरें पाणी, रिकामें पोट आणि गोळी यांनीं मिळून रक्तदाब एकदम उतरला असावा, असें डॉक्टरांचें मत पडलें. त्यांनीं औषधाचें मान बदललें, आणि मोठे चढ चढूं नयेत व लांब उतारावर सायकल चालवूं नये अशी ताकीद दिली. सारांश, कुंभार्लीचा उतार आणि गुहागर-हेदवीकडचे चढ आम्ही सामानाच्या टेम्पोंतून पाहणार. बाकी सपाटी तेवढी आमची. ऐकतांना मनास लागलें, हें लपवीत नाहीं. लपविण्याची हौस आतां फिटली आहे.

पण एक गोष्ट अनपेक्षित घडली. पुढच्या बैठकींत वही फिरली तेव्हां एका गृहस्थांनीं आपला जुना गुडघा दोन आठवडे दुखत असल्याचें लिहिलें, आणि दुसऱ्यानें तिन्हीसांजेस आपल्यास नीट दिसत नाहीं हें कबूल केलें. तें वाचून नायकानें गुहागरास एक दिवस मुक्काम वाढविला, आणि दुपारीं चारनंतर सायकल चालवावयाची नाहीं असें ठरविलें. चार दिवसांचा प्रवास पांच दिवसांचा झाला. परंतु आतां तो नऊ खऱ्या माणसांचा आहे.

जयगडाहून मालगुंडापर्यंतचा तुकडा, वाटेंतील एखादा चढ सोडल्यास, आम्हीं मागून घेतला आहे. केशवसुतांच्या दारांत आम्ही सायकलीवरूनच उतरूं.

सायकल सध्यां ओटीवर भिंतीस टेकून उभी आहे. काल रात्रीं पाणी पिण्यास उठलों, तों दादा कंदिलाएवढा बारीक दिवा लावून तिच्यापाशीं वांकलेले दिसले. आंगठ्यानें मागचा टायर दाबून ते म्हणाले, "हवा जरा कमी वाटते. उद्यां बघ." आम्हीं बरें म्हटलें. हवा बरोबर होती. तरी सकाळीं उठून आम्हीं ती पुनः मोजली.