मूळ वही शाबूत, उतारा निराळा

पेढीवरची मूळ वही बाहेर जात नाही. बाहेर जातो तो तिचा उतारा. पेशीचा कारभारही काहीसा असाच चालतो. डीएनए ही वही पेशीकेंद्रात राहते आणि तिच्यावरून उतरवलेला आरएनए प्रथिने घडविण्याच्या कामी पाठविला जातो. तत्पूर्वी त्यातील प्रथिनाच्या उपयोगी न पडणारा मजकूर कापला जातो व उरलेले तुकडे सांधले जातात. १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या प्रयोगांतून ही गोष्ट उघड झाली आणि १९९३ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले. प्रयोग होते सर्दी आणणाऱ्या एका विषाणूवरचे! त्यांचा धागा त्वचेच्या कर्करोगापर्यंत जाईल, असे त्या वेळी फारसे कोणाच्या मनात आले नसावे.

मेलानोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग. त्याच्या जवळजवळ निम्म्या गाठींत बीआरएएफ या जनुकात बिघाड असतो. हा बिघाड २००२ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी दाखविला. त्या बिघाडावर नेमके बोट ठेवणारे वेमुराफेनिब हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. काही आठवड्यांतच गाठी आक्रसू लागत. घरच्यांना वाटे, संकट टळले. पण बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांनी दुखणे उलटे.

ते का उलटते, याचा एक उलगडा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. दुखणे उलटलेल्या १९ रुग्णांपैकी सहा जणांच्या गाठींत बीआरएएफचा आरएनए आखूड निघाला. सांधताना मधले काही तुकडे गाळले गेले होते. नेमका त्याच भागात या प्रथिनाला लगाम घालणारा अंश असतो. तो गेल्यावर प्रथिने आपापसांत जोड्या बांधतात आणि औषधाला दाद देत नाहीत. मूळ जनुकात मात्र ते तुकडे जागच्या जागी होते.

हिशेब तपासनिसाला अडचण कळेल. हल्ली रुग्णाच्या रक्तात तरंगणारे गाठीच्या डीएनएचे कण मोजता येतात, आणि कधी कधी स्कॅनमध्ये काही दिसण्याआधीच त्यांचे प्रमाण वाढलेले आढळते. दुखणे परतत आहे, एवढे त्यावरून समजते. पण ही तपासणी मूळ वहीची. उताऱ्यातील काटछाट तिच्यात उमटत नाही. त्यासाठी आरएनए वाचावा लागतो, आणि तो इतका नाजूक की रक्तातील विकरे त्याचा पाहता पाहता फडशा पाडतात.

हा केवळ अभ्यासकांचा प्रश्न नव्हे. आखूड प्रथिनाच्या पुढच्या टप्प्यावर घाव घालणारे औषध अशा पेशींना रोखू शकते. २०१४ पासून अमेरिकेत या दोन्ही प्रकारची औषधे एकत्र देण्यास मान्यता आहे आणि त्यामुळे दुखणे उलटण्यास अधिक अवधी लागतो.

आपल्याकडे मेलानोमा विरळा. झालाच तर पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. तिथला काळा डाग जुन्या ठेचेचा समजून अंगावर काढला जातो आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.