दारापर्यंत सोबत

शिक्षणाचं देणं म्हटलं की माणसं शिक्षकांची नावं घेतात. मीही घेते. पण ज्या देण्यावाचून माझं शिक्षण पुरंच झालं नसतं, ते एका वसतिगृहातल्या सोबतिणीचं आहे. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, कागल तालुक्यातली, भूगोलात एम.ए. करणारी. माझा विषय रसायनशास्त्र. आमचा विभाग एक नाही, गाव एक नाही, बोलीही एक नाही. कोल्हापूरकडच्या बायकांसारखी ती ‘मी येतो, मी जातो’ असं बोलायची आणि आम्ही मराठवाड्याच्या मुली सुरुवातीला एकमेकींकडे बघायचो. वसतिगृहातल्या सगळ्याजणी तिला ताईच म्हणत. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिने कधी नावासाठी काही केलं नाही.

मी पुण्याला आले ते २०१५ साली. गाव बीड जिल्ह्यातलं, केज तालुक्यातलं. त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा गेला होता. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, हे सगळ्या देशाने पाहिलं. आमच्या घरात त्याची झळ आधीच पोचली होती. कापूस हाताला लागला नव्हता, विहीर कोरडी होती, आणि दादांचा फोन आला की ते पैशांबद्दल काही बोलायचे नाहीत. नुसतं ‘अभ्यास चालू हाय ना?’ एवढंच विचारायचे. ते न बोलणंच मला कळायचं. सरकारने दुष्काळी भागातल्या मुलांची परीक्षा फी माफ केली होती, पण मेसचं बिल, प्रॅक्टिकलचं सामान, येण्याजाण्याचा खर्च कुठे माफ होतो? मी एक वेळची मेस बंद केली. मग सकाळचा चहा बंद केला. पुढे भूकच लागेनाशी झाली, झोप उडाली, आणि रोज पहाटे डोळे उघडले की वाटायचं, आपल्यापायी घरच्यांवर ओझं आहे. प्रयोगशाळेत जाणं सुटलं. मी दिवसदिवस खोलीत पडून असायचे.

खोलीतल्या मैत्रिणीला वाटलं, मला घरची आठवण येते. मेसच्या मावशींना वाटलं, उपवास करते. ताईला वेगळं वाटलं. ती एका संध्याकाळी दाराशी आली आणि म्हणाली, “तुझं ताट चार दिवस दिसलं न्हाई. का ग?” मी म्हणाले, “काही नाही ताई, भूकच लागंना.” ती आत येऊन कॉटच्या कडेला बसली. “बोलायचं नसंल तर नको बोलू. पण मी हिथं बसतो थोडा वेळ.” आणि ती खरंच बसली. बऱ्याच वेळाने मी बोलायला लागले तेव्हा तिने एकदाही ‘असा विचार करू नये’ म्हटलं नाही, दुसऱ्या कुणाचं मोठं दुःख सांगितलं नाही, माझ्या आईबापाच्या कष्टांची आठवण करून दिली नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने सरळ विचारलं, “जीव नकोसा वाटतोय का? मरायचा विचार येतो का मनात?”

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेलं खूळ शिरतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाही. विचारल्याने कुणाला आत्महत्येचा विचार सुचत नाही, हे या क्षेत्रातल्या अभ्यासकांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही वारंवार सांगितलं आहे. माझा अनुभवही तोच. त्या प्रश्नाने माझा श्वास मोकळा झाला. मी म्हणाले, “झोपले ते उठूच नये, असं वाटतंय.” तिने मान हलवली. घाबरली नाही. मग ती जे म्हणाली ते मला आजही शब्दशः आठवतं: “बरं झालं सांगितलंस. पण ही गोष्ट आपण दोघींतच ठेवायची न्हाई. उद्या आपण डॉक्टरकडं जाऊ. मी येतो तुझ्यासंगं.”

दुसऱ्या दिवशी ती तिचं लेक्चर सोडून माझ्याबरोबर ससून रुग्णालयात आली. मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग कुठे, केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो, किती वाजेपर्यंत निघतो, ओळखपत्र लागतं का, हे सगळं तिला ठाऊक होतं. रांगेत ती माझ्या मागे उभी राहिली. डॉक्टरांच्या खोलीत मात्र आली नाही. “आत तू बोल. तुझं तूच सांगायचं. मी बाहेर हाय,” म्हणाली. डॉक्टरांनी शांतपणे सगळं विचारलं आणि गोळ्यांच्या आधी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं निघालं. मनाचं दुखणं आणि पोटाचं दुखणं एकमेकांत किती गुंतलेलं असतं, हे मला तिथे पहिल्यांदा समजलं. लोहाच्या गोळ्या, झोपेसाठी आणि उदासीसाठी औषध, आणि दर पंधरवड्याला समुपदेशकांशी बोलणं, असं सगळं एकदम सुरू झालं.

ताई तेवढ्यावर थांबली नाही. ती म्हणाली, “गोळीनं मेसचं बिल भागत न्हाई.” ती मला विद्यार्थी कल्याणाच्या कचेरीत घेऊन गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणाऱ्या ‘कमवा व शिका’ योजनेत माझा अर्ज तिने समोर बसून भरून घेतला, आणि काही दिवसांत मला ग्रंथालयात पुस्तकं लावण्याचं काम मिळालं. दुष्काळी भागातल्या मुलांच्या जेवणाची सोय करणारे काही विद्यार्थी तेव्हा पुण्यात धडपडत होते. त्यांच्याकडे माझं नाव तिनेच दिलं. विभागातल्या एका मॅडमना भेटून बुडालेल्या प्रॅक्टिकलचं काय करता येईल तेही विचारायला लावलं. विचारायला मीच गेले. ती फक्त दारापर्यंत आली.

तिची ही रीत मी नंतर नीट पाहिली. तिच्या खोलीच्या दारामागे हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता. त्याचे तीन भाग होते: आत्ताच्या आत्ता, आजच्या आज, या आठवड्यात. पहिल्यात १०८ नंबरची रुग्णवाहिका, वसतिगृहाच्या रेक्टरांचा आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकांचा नंबर, जवळच्या चोवीस तास चालू असणाऱ्या रुग्णालयाच्या अपघात विभागाचा नंबर, आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या एका रिक्षावाल्या काकांचा. दुसऱ्यात आरोग्य केंद्र, मानसोपचाराची ओपीडी, आणि फोनवर ऐकून घेणाऱ्या हेल्पलाइन: मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची २०१२ साली सुरू झालेली ‘आयकॉल’, पुण्यातला ‘कनेक्टिंग ट्रस्ट’. तिसऱ्यात शिष्यवृत्तीची कचेरी, कमवा व शिका, मेसची उधारी कोण समजून घेतं, छळाची तक्रार कुठल्या समितीकडे करायची, असं सगळं.

त्या कागदावरचा प्रत्येक नंबर तिने स्वतः लावून पाहिलेला होता. कोण उचलतं, मराठीत बोलतं का, किती वाजेपर्यंत उचलतं, हे शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं. जे नंबर लागत नव्हते ते तिने खोडले होते. नोटीस बोर्डावरचे छापील तक्ते वर्षानुवर्षं तसेच राहतात, त्यातले काही नंबर बंद पडलेले असतात, आणि मोडून पडलेल्या माणसाने हिय्या करून लावलेला एकच फोन जर वाजत राहिला, तर तो दुसरा लावत नाही. हे तिने मला सांगितलं. एवढ्या साध्या गोष्टीचा इतका खोल विचार करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या कागदाचा पहिला भाग किती महत्त्वाचा होता, ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. पहिल्या वर्षाची एक मुलगी रात्री खोलीत हमसून रडत होती; जगायचं नाही, आजच संपवायचं, असं म्हणत होती. तिच्या खोलीतली मुलगी ताईकडे धावत आली, ताई मला हाक मारत खाली उतरली. ताईने कामं वाटून टाकली. एकीने रेक्टरांना उठवायचं, एकीने गेटवर सांगायचं, बाकीच्यांनी आपापल्या खोल्यांत जायचं आणि फोनवर कुणाला काही कळवायचं नाही. ती आणि मी त्या मुलीपाशी थांबलो. ताईने तिचा हात धरला आणि क्षणभरही तिला एकटं सोडलं नाही. “मी रेक्टर मॅडमना सांगितलंय, आपण आत्ताच डॉक्टरकडं जातोय,” असं तिला तोंडावर, स्पष्ट सांगितलं. तिच्या पाठीमागे काहीच ठरवलं नाही. रेक्टर मॅडम आल्या, गाडी आली, अपघात विभागात पोचलो, तिथून मानसोपचाराच्या डॉक्टरांना बोलावलं गेलं. घरी फोन कुणाला करायचा, हे त्या मुलीलाच विचारलं. तिने मामाचं नाव सांगितलं. सकाळी मामा आले.

त्या रात्री गाडीत एकीने कुजबुजत विचारलं होतं, “पोलीस केस होईल का?” ही भीती फार मुलांना गप्प करते, म्हणून सांगते. मनात विचार येणं हा गुन्हा तेव्हाही नव्हता. प्रयत्न करणं मात्र भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूमिका बदलली: असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम राहिलंच नाही. मदत मागायला जाणाऱ्याने आता त्या भीतीपोटी थांबू नये.

ताईही माणूसच होती. त्या रात्रीनंतर ती दोन दिवस फारशी बोलली नाही. मग एक दिवस खोलीचं दार लावून तिने स्वतः हेल्पलाइनला फोन केला आणि मनातलं सगळं बोलून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “दुसऱ्याचं ऐकतो तवा आपल्यात पण साठतं. ते कुठंतरी रितं कराय लागतं.” मैत्रिणीला डॉक्टरांच्या हवाली केलं की आपण तिचे डॉक्टर व्हायचं नाही, तिची मैत्रीणच राहायचं, गोळ्या घेतल्यास का याबरोबर सिनेमाला येतेस का, हेही विचारायचं. माझ्या बाबतीत तिने तेच केलं. औषध चालू असताना ती मला चतुःशृंगीच्या टेकडीवर फिरायला न्यायची आणि वाटेत माझ्या तब्येतीबद्दल अवाक्षर काढायची नाही. खडकांचे थर दाखवायची, बेसॉल्ट कसा झाला ते सांगायची.

आज मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते. परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर आहे. फोन फुकट, दिवसरात्र चालू, आणि मराठीतही बोलता येतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, आणि हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात, वर्गात ठळकपणे लावावेत, असं बजावलं. हे व्हायलाच हवं होतं. पण भिंतीवरचा नंबर आणि कॉटवर पडलेली मुलगी यांच्यामध्ये बरंच अंतर असतं, आणि ते अंतर दुसरा विद्यार्थीच तोडू शकतो. ताट दिसलं नाही हे मेसमध्ये बसणाऱ्यालाच कळतं. रात्री दोनचा दिवा शेजारच्याच खोलीला दिसतो. आम्हा शिक्षकांना हजेरीपटावर फुली दिसते, तीही उशिरा.

म्हणून मी दरवर्षी नव्या वर्गाला ताईची रीत शिकवते. सरळ विचारायचं. ऐकताना सल्ला द्यायचा नाही. जिवाशी गाठ असेल तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. आत्ताच्या आत्ता धोका असेल तर १०८ किंवा ११२. नाही तर ‘तू जा’ म्हणण्याऐवजी ‘चल, जाऊ’ म्हणायचं. पैशाचं दुखणं असेल तर त्याची कचेरी वेगळी, मनाचं असेल तर डॉक्टर वेगळे, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडे जावं लागतं. आठवड्याने पुन्हा विचारायचं. आणि हे सगळं केल्यावर स्वतःचंही कुणापाशी बोलायचं.

गेल्या वर्षी मी ताईला फोन करून हे सांगितलं. ती आता तिच्याच तालुक्यात शाळेत शिकवते. आभार मानायला लागले तर तिने विषय बदलला आणि विचारलं, “तुझ्या कॉलेजातल्या कागदावरचे नंबर शेवटचे कधी लावून बघितलेस?” मी म्हणाले, जूनमध्ये. “मग दिवाळीनंतर परत बघ,” ती म्हणाली.

हे वाचणारा कुणी विद्यार्थी असेल, तर त्याला माझं तेवढंच सांगणं आहे. आपल्या वसतिगृहात, आपल्या विभागात मदतीचे जे नंबर लावलेले आहेत ते या आठवड्यात, काही अडलेलं नसताना, लावून पाहा. कोण उचलतं ते लिहून ठेवा. ओपीडी कुठे आहे ते एकदा चालत जाऊन बघून या. कधीतरी एखादी मैत्रीण, एखादा मित्र तुमच्यासमोर गप्प बसेल, आणि त्या वेळी तुम्हाला रस्ता माहीत असेल. माझं आयुष्य अशाच एका रस्ता माहीत असलेल्या मुलीमुळे पुढे चालू राहिलं आहे.