हॅलिबटची वही

अलास्कात हॅलिबट धरायला कुठे जावं, म्हणून नकाशा उघडला की पहिलं बोट जातं डच हार्बरवर. गळाने पकडलेल्या पॅसिफिक हॅलिबटचा विक्रम इथल्या उनलास्काच्या खाडीतला: १९९६, ४५९ पौंड, म्हणजे २०८ किलो. पण अँकरेजपासून हे बेट सुमारे ८०० मैल दूर. धुक्या-वाऱ्यात विमान अडकणं नेहमीचंच. हाताशी चार दिवस जास्तीचे नसतील तर हे नाव खोडावं.

*

२०१४ साली अलास्कातच गस्टाव्हसजवळ ४८२ पौंडांचा हॅलिबट मिळाला होता. तो विक्रमात धरला नाही, कारण नावेवर घेण्याआधी त्याला भाला आणि गोळी मारलेली. तांडेलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एवढं जनावर फळीवर जिवंत उसळलं तर माणसाची हाडं मोडतात.

*

सीवर्ड: अँकरेजहून सव्वाशे मैल, रस्ता सुंदर, हिमनद्या दिसतात. मात्र हॅलिबटच्या जागा लांब, उघड्या समुद्रात. जाण्या-येण्यातच कित्येक तास जातात. बोट लागणाऱ्याने विचार करावा.

डीप क्रीक हाही पर्याय. तिथे धक्का नाही. ट्रॅक्टर माणसांसकट बोट पुळणीवरून पाण्यात ढकलतो.

*

माझी पसंती होमर. अँकरेजहून गाडीने पाचेक तास. काचेमाक खाडीत सुमारे सात किलोमीटर घुसलेली रेतीची जीभ, तिच्यावर चार्टरवाल्यांची खोकी ओळीने. दहा जणांशी समोरासमोर बोलून मग ठरवता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

*

होमरजवळच्या कुक इनलेटला भरती-ओहोटीतला फरक वीस फुटांच्या वर जातो. उधाणाच्या दिवशी पाणी असं ओढतं की दोन-तीन पौंडांचं शिसंही तळाला टिकत नाही, आणि हॅलिबट तर तळाचा मासा. पाणी थबकतं तेवढीच खरी वेळ. ती भांगाच्या दिवसांत लांबते. म्हणजे अष्टमीच्या आसपासची तारीख धरायची. कोकणातल्या कोळ्याचा हिशेब अलास्कातही तसाच लागू पडतो, कारण चंद्र एकच. तारीख आधी, तिकीट नंतर.

*

आपल्या लेपासारखाच हा चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला. पिल्लू सरळ पोहतं. मग एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो.

आणि मोठे हॅलिबट जवळजवळ सगळे माद्या असतात. मादी वयात यायलाच बारा-एक वर्षं लागतात. ५० पौंडांची मादी पाचेक लाख अंडी घालते, २५० पौंडांची चाळीस लाख. हे वाचल्यापासून धक्क्यावर टांगलेल्या माशांचे फोटो मी वेगळ्या नजरेने बघतो. खायला वीस-तीस पौंडांचाच चांगला. थोराड मासा चरबट लागतो.

*

नियम दरवर्षी बदलतात. १९२३ पासून अमेरिका आणि कॅनडाचा संयुक्त आयोग या माशाचा हिशेब ठेवतो. चार्टरवर दिवसाला किती, केवढ्या लांबीचे, आठवड्यातले कोणते वार बंद, हे किनाऱ्याच्या भागागणिक वेगळं. आग्नेय अलास्कात तर मधल्या मापाचा मासा परत सोडावा लागतो. स्वतःच्या भागाचा यंदाचा नियम तोंडपाठ नसलेल्या तांडेलाबरोबर जाऊ नये.

*

तांडेलाला विचारायचं: कोस्ट गार्डचा परवाना आणि हॅलिबट चार्टरचा वेगळा परवाना, दोन्ही आहेत का? माणसं किती? (सहाच्या वर नकोत. मोठ्या माशाशी झुंज चालू असताना बाकीच्यांच्या दोऱ्या वर घ्याव्या लागतात.) दिवस पूर्ण की अर्धा? अर्ध्या दिवसात लांबच्या जागा होत नाहीत. गळ गोल वापरता का? गोल गळ ओठाच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, म्हणून सोडलेला मासा जगतो.

*

मोठी मादी पाण्यातच मोजता येते. लांबीवरून वजनाचा तक्ता असतो, फोटो नावेच्या कडेवरून निघतो. त्यामुळे शेवटी एवढं नक्की विचारा: गेल्या हंगामात शंभर पौंडांवरच्या किती सोडल्या? आकडा पटकन सांगेल त्याच्याकडेच आगाऊ पैसे भरा.