स्टेअरिंग नसलेली गाडी

हॉट एअर बलूनला स्टेअरिंग नसतं, बॉस! बर्नर पेटला की आतली हवा तापते आणि बलून वर जातं. माथ्यावरची झडप उघडली की खाली येतं. डावं-उजवं सगळं वाऱ्याच्या मर्जीवर. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगळ्या दिशेला वाहतो, पायलट तेवढंच हेरतो. आणि सूर्योदयच का? ऊन चढायच्या आधी हवा शांत असते म्हणून. रोमॅण्टिक वगैरे नंतर.

लोणावळ्याजवळच्या या राइडला मी आण्णांना नेलं. चंदगड डेपोत एसटी चालवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आंबोली घाट, धो-धो पाऊस, पुढचं काही दिसू नये असं धुकं. रिटायर झाल्यापासून मात्र सोप्यात गप्प बसून. पुण्यात आले की माझ्या कारमध्ये शेजारी बसून उजवा पाय सतत नसलेल्या ब्रेकवर!

वेताच्या टोपलीत चढताच पायलटला पहिला प्रश्न, "साहेब, ह्येला ब्रेक कुठं हाय?"

नाही म्हटल्यावर चेहरा उतरला. मग स्वतःच म्हणाले, "बरं, मारा डबल बेल!"

वर बर्नर थांबला की कमालीची शांतता. आपण वाऱ्यासोबतच जातो, त्यामुळे केससुद्धा उडत नाहीत. मी त्यांना विजयपत सिंघानियांबद्दल सांगितलं. २००५च्या नोव्हेंबरमध्ये, ६७व्या वर्षी, मुंबईहून उडून २१ हजार मीटरच्या वर गेले होते.

"सदुसष्ट? म्हंजे माझ्याहून पाच वर्सांनी थोरले!" आण्णा कितीतरी वेळ खाली बघत राहिले. "आपला पारगड असा वरनं बघाय पायजे."

परतताना एक्स्प्रेस-वेवर, मी ऐंशीने गाडी हाणत असताना, ते चक्क घोरत होते.