रुंद पाय आणि उंच टाचा: बेली घ्यावी की बूट?

सुरुवातीलाच सांगतो, रुंद पाय हा आजार नाही. रानशेतकडच्या मुली शहरात हॉटेलच्या काउंटरवर किंवा दुकानात नोकरीला लागतात, टाचेचे बूट घालून दिवसभर उभ्या राहतात आणि काही आठवड्यांत करंगळीवर कुरूप घेऊन दवाखान्यात येतात. विचारतात, "डॉक्टर, माझे पायच वाईट आहेत का?" एकीने तर पायांमुळे नोकरीच सोडायचं ठरवलं होतं. तिला जे समजावलं, तेच तुम्हाला सांगतो.

पाय रुंद का असतात?

लहानपणापासून अनवाणी चाललेला, आवणीच्या वेळी चिखलात उभा राहिलेला पाय पुढच्या बाजूला मोकळा वाढतो. बोटं एकमेकांपासून सुटी राहतात आणि वजन चवड्यावर सगळीकडे पसरतं. ही पायाची ताकद आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात २,३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासले होते. सपाट तळव्याचं प्रमाण बंद बूट घालणाऱ्या मुलांत सर्वांत जास्त आणि अनवाणी मुलांत सर्वांत कमी निघालं.

आणि हे फक्त आपल्या भागापुरतं नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकी लोकांपेक्षा रुंद असल्याचं त्यात दिसलं. म्हणून 'भा' नावाची भारतीय मापपद्धतही सुचवली गेली. दुकानातले नंबर मात्र अजून परदेशी मापांचेच आहेत. म्हणजे दोष पायात नाही, साच्यात आहे.

बेली का चावते?

टाच असलेली बेली, म्हणजे पंप, वरून उघडी असते. तिला ना लेस, ना पट्टा. ती पायात टिकते ती दोनच ठिकाणी धरून: मागे टाच आणि पुढे बोटं. म्हणून ती मुळातच घट्ट बनवलेली असते. त्यात टाच उंच झाली की पाय उतारावरून घसरावा तसा पुढे जातो आणि सगळा भार चवड्यावर येतो. रुंद चवडा अरुंद टोकात दाबला जातो. मग कुरूप होतं, बोटांमधली नस दबून आग होते, आणि अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे येण्याची प्रवृत्ती असेल तर तिथलं दुखणं वाढतं.

इथे दुकानदार म्हणतो, "एक नंबर मोठा घ्या." त्याने लांबी वाढते, रुंदी फारशी वाढत नाही. टाच मागून निसटते, पाय आणखी पुढे सरकतो आणि बोटं पुन्हा तिथेच चेपतात.

बुटात काय वेगळं?

घोट्यापर्यंतचा टाचेचा बूट लेस किंवा चेनने पायाचा वरचा भाग आणि घोटा धरतो. पाय तिथेच अडकल्यामुळे पुढे कमी घसरतो. पकडण्याचं काम बोटांवर येत नाही, म्हणून पुढचा भाग सैल ठेवता येतो. रुंद पायाला बूट बेलीपेक्षा बरा वाटतो, तो यामुळे.

पण बुटाच्याही अडचणी आहेत. पायाचा वरचा भाग उंच असेल तर चेन रुतते. लांब बूट पोटरीला आवळतात. टोक निमुळतं असेल तर बूट असूनही बोटं चेपणारच. शिवाय आपल्या दमट हवेत बंद बुटात घाम साचून बोटांत चिखल्या होतात. मोजे सुती घाला, रोज बदला.

बूट नको असेल तर पायावरून पट्टा असलेली बेली घ्या. तो पट्टा बुटाचंच काम थोडंफार करतो.

घेताना काय पाहाल?

• संध्याकाळी खरेदी करा. दिवसभरात पाय थोडा सुजतो.
• कागदावर उभं राहून दोन्ही पायांची रेघ काढा. त्यावर बूट ठेवा. रेघ बाहेर दिसली तर तो जोड तुमचा नाही.
• सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी.
• टाच रुंद आणि तीन-चार सेंटिमीटरपर्यंतच ठेवा.
• कातडं थोडं सैल होतं, रेक्झिन फारसं होत नाही. "वापरून सैल होईल" यावर विश्वास ठेवू नका.

मधुमेह असेल किंवा तळपाय बधिर असतील तर टाचेचे, घट्ट बूट घालूच नका. जखम झालेली कळतही नाही. कुरूप घरी ब्लेडने कापू नका. बोटांत सतत मुंग्या येत असतील किंवा फोड आठवड्यात बरा होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

ज्या मुलीने नोकरी सोडायचं ठरवलं होतं, तिला मी कामाच्या ठिकाणी द्यायला चिठ्ठी दिली: पायावर पट्टा असलेले, कमी टाचेचे बूट घालण्याची परवानगी द्यावी. ती मान्य झाली. तुम्हालाही गरज असेल तर डॉक्टरांकडे अशी चिठ्ठी मागा. त्यात संकोच कसला? बूट बदलता येतो, पाय बदलता येत नाही.